विश्लेषण : वेबची भाषा कोण ठरवते?

‘सर्न’ या युरोपीय संशोधन संस्थेने जगातले पहिले संकेतस्थळ जपून ठेवले आहे. मोबाइलवर ते आजही उघडते. उपलब्ध प्रत १९९२ सालची आहे. पांढऱ्या पानावर काळा मजकूर, निळ्या लिंक आणि छायाचित्र एकही नाही. ज्या संगणकांसाठी हे पान लिहिले गेले, ते आता संग्रहालयात किंवा भंगारात गेले आहेत. खिशातल्या फोनवर कोणी ते वाचेल, असा विचारही तेव्हा कोणी केला नव्हता. तरी आजचा ब्राऊजर ते पान बिनतक्रार दाखवतो.

त्याच दशकात एखाद्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली फाइल मात्र आज उघडून पाहावी. तो फाँट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. एक मजकूर तीस वर्षांहून अधिक टिकला आणि दुसरा दहा वर्षेही टिकला नाही, हा फरक मानकांमुळे पडला. वेबच्या पानांची भाषा, म्हणजे एचटीएमएल, कशी लिहायची आणि कशी वाचायची याचे नियम सर्वांसाठी एकच असावेत, हा तो आग्रह. हे नियम ठरवायचे कोणी, यावर मात्र पंचवीस वर्षे भांडण चालले. ते कागदोपत्री मिटले २०१९ मध्ये.

‘मार्कअप’ म्हणजे नेमके काय?

हा शब्द छापखान्यातून आला. हस्तलिखित जुळाऱ्याकडे जाण्याआधी संपादक त्यावर खुणा करत असे. हा मथळा मोठ्या टायपात, ही ओळ तिरपी, इथे नवा परिच्छेद. या खुणा छापल्या जात नसत, पण छापील पान कसे दिसेल ते त्या ठरवत. एचटीएमएलमधले ‘टॅग’ हेच काम करतात. मजकुराच्या आधी एक खूण आणि शेवटी बंद करणारी दुसरी. ‘इथून मथळा सुरू, इथे संपला’ असे ते संगणकाला सांगतात. ही बातमी पडद्यावर दिसते तेव्हा शब्दांच्या मागे अशा शेकडो खुणा असतात. वाचकाला त्या दिसत नाहीत, ब्राऊजरला दिसतात.

एक भेद सुरुवातीलाच लक्षात ठेवावा. एचटीएमएल ही प्रोग्रॅमिंगची भाषा नाही. ती हिशेब करत नाही किंवा निर्णय घेत नाही. कोणता मजकूर काय आहे एवढेच ती सांगते. अभियांत्रिकीच्या मुलांमध्ये यावर चेष्टामस्करी चालते, पण या भाषेचा साधेपणाच तिचे बळ ठरला.

सुरुवात कुठे झाली?

टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये सर्नमध्ये एक प्रस्ताव मांडला. तिथले हजारो शास्त्रज्ञ वेगवेगळ्या देशांतून येत, वेगवेगळे संगणक वापरत आणि काम संपले की निघून जात. त्यांची कागदपत्रे एकमेकांना जोडून कुठूनही वाचता यावीत, एवढीच गरज होती. कागदपत्रांवर खुणा करण्याची ‘एसजीएमएल’ ही पद्धत आधीच अस्तित्वात होती आणि १९८६ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जाही मिळाला होता. बर्नर्स-ली यांनी तिचा बाज उचलला, अवघड भाग बाजूला ठेवला आणि दुव्याचा, म्हणजे लिंकचा टॅग त्यात आणला. १९९१च्या पहिल्या टिपणात जेमतेम १८ टॅग होते. मथळा, परिच्छेद, यादी आणि लिंक यांवर काम भागत होते.

३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. वेब कोणा एका कंपनीची झाली नाही, त्याचे मोठे कारण हा निर्णय आहे. पण मालक नसलेल्या भाषेत नवा शब्द आणायचा तर परवानगी कोणाची घ्यायची, हा प्रश्नही तिथूनच उभा राहिला.

छायाचित्राचा टॅग कसा आला?

या एका टॅगच्या जन्मात पुढची सगळी कथा दिसते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन हा तरुण ‘मोझॅक’ ब्राऊजर बनवत होता. फेब्रुवारी १९९३ मध्ये त्याने वेबवर काम करणाऱ्या मंडळींपुढे कल्पना मांडली, की पानात चित्र दाखवणारा एक टॅग हवा. त्याचे नाव ‘आयएमजी’. चर्चा सुरू झाली. काहींना अधिक व्यापक टॅग हवा होता, ज्यात पुढे चित्राबरोबर इतर प्रकारचा मजकूरही बसवता येईल. काहींनी वेगळी रचना सुचवली. बर्नर्स-ली यांचेही मत वेगळे होते. आक्षेप तर्काला धरून होते.

अँड्रीसनने मात्र आपला टॅग मोझॅकमध्ये घालून ब्राऊजर लोकांच्या हाती दिला. लोकांनी चित्रांची पाने बनवायला सुरुवात केली आणि चर्चा आपोआप संपली. त्या दिवसांत अधिक चांगले पर्याय सुचवले गेले होते, असे आजही अनेक जाणकार मानतात. पण आज बातमीतले छायाचित्र ज्या टॅगने दिसते तो ‘आयएमजी’च आहे. जो आधी चालवून दाखवेल त्याचा नियम होईल, ही प्रथा इथे पडली.

‘ब्राऊजर युद्धा’त काय घडले?

ऑक्टोबर १९९४ मध्ये बर्नर्स-ली यांनी अमेरिकेतील एमआयटीमध्ये ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शिअम’ ही संस्था सुरू केली. तिचे प्रचलित नाव डब्ल्यूथ्रीसी. कंपन्यांनी सदस्य व्हावे, एकत्र बसावे, मसुदे लिहावेत आणि एकमताने मानक ठरवावे, अशी तिची रीत होती. बाहेर मात्र नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यात ग्राहक ओढण्याची स्पर्धा पेटली होती. नेटस्केपने लुकलुकणाऱ्या अक्षरांचा ‘ब्लिंक’ आणला, मायक्रोसॉफ्टने सरकत्या अक्षरांचा ‘मार्की’. आपल्याकडच्या सरकारी कार्यालयांच्या आणि महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर उजवीकडून डावीकडे पळणाऱ्या सूचना आठवत असतील, तर त्या याच युद्धाची देणगी.

मानके मागून धावत होती. एचटीएमएल २ नोव्हेंबर १९९५ मध्ये लिखित स्वरूपात आले तेव्हा बाजार पुढे गेला होता. एचटीएमएल ३ चा महत्त्वाकांक्षी मसुदा मंजूर न होताच मुदतबाह्य झाला. जानेवारी १९९७ मधील ३.२ आवृत्तीत ब्राऊजरांनी आधीच रूढ केलेले टॅग नोंदवून घेतले गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये एचटीएमएल ४ आले. ते पहिले खऱ्या अर्थाने विचारपूर्वक रचलेले मानक म्हणावे लागेल. रंग, आकार, मांडणी ही बाब ‘सीएसएस’ या वेगळ्या भाषेकडे द्यावी आणि एचटीएमएलने फक्त मजकुराचा अर्थ सांगावा, असे त्यात ठरले. प्रत्यक्षात संकेतस्थळांच्या तळाशी ‘इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उत्तम दिसते’ अशी पाटी लागत राहिली. एकाच बँकेचे पान एका ब्राऊजरमध्ये उघडायचे आणि दुसऱ्यात कोसळायचे.

मग कडक शिस्तीचा घाट का घातला गेला?

कारण वेबवरची बहुतेक पाने चुकीची लिहिलेली होती. टॅग उघडलेले पण बंद न केलेले, एकमेकांत गुंतलेले, अवतरणचिन्हे विसरलेली. ब्राऊजर चूक दिसली तरी गप्प बसत आणि लेखकाला काय म्हणायचे असावे याचा अंदाज बांधून पान दाखवत. अशा पानांना ‘टॅग सूप’ असे नाव पडले. प्रत्येक ब्राऊजरचा अंदाज वेगळा, म्हणून दिसणारे पानही वेगळे.

याच सुमारास, फेब्रुवारी १९९८ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने ‘एक्सएमएल’ हे मानक जाहीर केले. त्यात चुकीला माफी नव्हती. एक टॅग बंद करायचा राहिला तर वाचणाऱ्या प्रणालीने तिथेच थांबावे, असा स्पष्ट नियम. या शिस्तीत एचटीएमएल बसवून जानेवारी २००० मध्ये ‘एक्सएचटीएमएल’ आले. कल्पना रास्त होती. पाने नीट लिहिली गेली तर ब्राऊजर छोटे आणि वेगवान होतील, कमी ताकदीच्या मोबाइलवरही चालतील, यंत्रांना मजकूर समजेल. वेब डिझायनरांची एक पिढी त्या काळात टॅग लहान लिपीत लिहायला आणि प्रत्येक टॅग बंद करायला शिकली. संकेतस्थळाच्या तळाशी ‘वैध एक्सएचटीएमएल’ असा छोटा बिल्ला लावणे अभिमानाचे मानले जाई.

शिस्त का चालली नाही?

वर्तमानपत्राच्या उदाहरणाने हे लवकर कळेल. अग्रलेखात एका शब्दाचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला म्हणून छापखान्याने तो अंकच छापायला नकार दिला तर? एक्सएमएलचा नियम तंतोतंत पाळला तर वेबवर तेच होत होते. पान निर्दोष आहे, पण खाली एका वाचकाने प्रतिक्रियेत अर्धवट टॅग टाकला, किंवा जाहिरातीच्या कोडमध्ये एक ‘अँड’चे चिन्ह सुटे राहिले. बातमी नाही, मथळा नाही, पडद्यावर फक्त त्रुटीचा संदेश. मोझिलाच्या ब्राऊजरमध्ये तो पिवळ्या पार्श्वभूमीवर येई. चूक लिहिणाऱ्याची आणि शिक्षा वाचणाऱ्याला, असा हा न्याय होता.

त्यातही गंमत अशी, की बहुतेक वाचकांना हा संदेश कधी दिसलाच नाही. सर्व्हरने पान पाठवताना ‘हे एक्सएमएल आहे’ असे सांगितले तरच कडक नियम लागू होत. जगातला सर्वाधिक वापरला जाणारा ब्राऊजर होता इंटरनेट एक्स्प्लोरर, आणि त्याला अशी पाने दाखवताच येत नव्हती. ती सोय त्यात २०११ मधल्या नवव्या आवृत्तीत आली. त्यामुळे ‘वैध’ बिल्ले मिरवणारी बहुतेक संकेतस्थळे आपली पाने साधे एचटीएमएल म्हणूनच पाठवत होती आणि ब्राऊजर ती नेहमीच्याच उदार नजरेने वाचत होते. शिस्त फक्त बिल्ल्यावर होती.

डब्ल्यूथ्रीसीने तरी पुढचे पाऊल टाकले. २००२ पासून एक्सएचटीएमएल २ चे मसुदे येऊ लागले. ही आवृत्ती जुन्या पानांशी सुसंगत ठेवायची नाही, असे ठरले होते. म्हणजे तोवरची कोट्यवधी पाने एकीकडे आणि नवी शुद्ध भाषा दुसरीकडे. ब्राऊजर बनवणाऱ्यांना त्यात रस नव्हता. मायक्रोसॉफ्ट तर २००१ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ६ काढून पाच वर्षे स्वस्थ बसली होती. स्पर्धकच उरला नव्हता.

सॅन होजेत काय ठरले?

जून २००४ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे इथे डब्ल्यूथ्रीसीची दोन दिवसांची कार्यशाळा झाली. मोझिला आणि ऑपेरा यांनी तिथे एकत्र निवेदन मांडले. लोक वेबवर आता फक्त कागदपत्रे वाचत नाहीत, तर तिकिटे काढतात, पत्रे लिहितात, नकाशे पाहतात. त्यासाठी आहे तेच एचटीएमएल वाढवा, जुनी पाने मोडू नका आणि चुकांचे काय करायचे तेही मानकात लिहा, असे त्यांचे म्हणणे होते. मतदान झाले. बाजूने ८, विरोधात १४.

दोनच दिवसांत ॲपल, मोझिला आणि ऑपेरातल्या मंडळींनी स्वतंत्र गट जाहीर केला. त्याचे संक्षिप्त नाव ‘व्हॉटडब्ल्यूजी’. ऑपेरात काम करणारे आणि पुढे गूगलमध्ये गेलेले इयन हिक्सन त्याचे संपादक झाले. अधिकृत मान्यता नाही, समित्या नाहीत, मतदान नाही. ब्राऊजर बनवणारे जे बनवायला तयार आहेत तेच लिहायचे, एवढे सूत्र.

मानक संस्थेशी अशी फारकत घेणे त्या वेळी अनेकांना उद्धटपणाचे वाटले होते. पण ऑक्टोबर २००६ मध्ये खुद्द बर्नर्स-ली यांनीच जाहीरपणे लिहिले, की सगळ्या जगाला एका दमात एक्सएमएलकडे नेण्याचा प्रयत्न यशस्वी झाला नाही. पाने लिहिणाऱ्या लोकांनी बदल केला नाही, कारण ब्राऊजर तक्रारच करत नव्हते, हे कारणही त्यांनी दिले. वेबच्या जनकाने आपल्या संस्थेची दिशा चुकल्याचे मान्य करावे, हे तंत्रज्ञानाच्या जगात विरळच. २००७ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने एचटीएमएलचा नवा कार्यगट नेमला आणि व्हॉटडब्ल्यूजीचा मसुदा पायाभूत धरला. एक्सएचटीएमएल २ चे काम थांबवत असल्याची घोषणा जुलै २००९ मध्ये झाली.

एचटीएमएल ५ने नवे काय केले?

सर्वसामान्यांच्या लक्षात राहिला तो व्हिडीओ. तोवर व्हिडीओ पाहायला ‘फ्लॅश’ नावाचे जोडसॉफ्टवेअर लागायचे. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून आयफोनमध्ये फ्लॅश घेणार नाही, असे सांगितले आणि एचटीएमएल ५चे नाव तंत्रज्ञांच्या बाहेर पोहोचले. २०२० अखेर फ्लॅश अधिकृतपणे बंद झाले. त्यात बनवलेले असंख्य खेळ आणि शैक्षणिक पाने साध्या ब्राऊजरमध्ये आता उघडत नाहीत. ते तंत्र एका कंपनीचे होते, कंपनीने दुकान बंद केले आणि विषय संपला.

पण एचटीएमएल ५चे खरे मोठे काम वाचकाला कधी दिसत नाही. चुकीचे पान कसे वाचायचे, हे त्यात पायरीपायरीने लिहून ठेवले. हिक्सन आणि सहकाऱ्यांनी चालू ब्राऊजर चुकांवर काय करतात ते तपासले आणि सर्वांना मान्य होईल अशी एकच कृती नोंदवली. ठळक अक्षरांचा टॅग उघडला, त्यात तिरप्या अक्षरांचा उघडला आणि बंद करताना क्रम उलटा झाला, तर काय करावे? यासाठी मानकात एक स्वतंत्र कृती आहे आणि तिचे नावच ‘दत्तक संस्था’ असे ठेवले आहे, कारण चुकीच्या जागी पडलेल्या मजकुराला ती योग्य पालक शोधून देते. मानकासारख्या रुक्ष दस्तऐवजात असा विनोद सापडणे सुखद आहे. एक्सएमएलवाल्यांनी चुका बंद करायला सांगितल्या होत्या. या मंडळींनी चुका होणारच असे धरले आणि त्यांचेही नियम केले. त्यानंतर तेच मोडकेतोडके पान सगळ्या ब्राऊजरमध्ये सारखे दिसू लागले.

नवे टॅग ठरवतानाही लोक काय करतात तेच पाहिले गेले. गूगलमध्ये असताना हिक्सन यांनी २००५ मध्ये एक अब्जाहून अधिक पानांचा अभ्यास केला. पाने लिहिणारे आपापल्या भागांना काय नावे देतात ते त्यांनी मोजले. तळपट्टी, शीर्षपट्टी, मेन्यू अशी नावे पुन्हा पुन्हा आली. ‘फूटर’, ‘हेडर’, ‘नॅव्ह’ असे टॅग एचटीएमएल ५मध्ये आले, त्यामागे अशा वापराचा आधार होता. व्याकरणकारांनी बोलीचा कोश करावा, तसे हे काम झाले.

त्या काळात आखलेल्या रचना-तत्त्वांमध्ये एक प्राधान्यक्रम आहे. मतभेद झाला तर आधी वापरणाऱ्याचे हित, मग पान लिहिणाऱ्याचे, मग ब्राऊजर बनवणाऱ्याचे, मग मानक लिहिणाऱ्याचे आणि सर्वांत शेवटी तात्त्विक शुद्धता. मराठीत शुद्धलेखनावरून होणारे वाद आठवले तर हा क्रम किती धाडसी आहे ते कळावे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने एचटीएमएल ५ला अंतिम मान्यता दिली. व्हॉटडब्ल्यूजीने मात्र जानेवारी २०११ मध्येच आकडा सोडून दिला होता. भाषा सतत बदलणार, तेव्हा आवृत्ती कशाला? त्यांनी तिला ‘लिव्हिंग स्टँडर्ड’ म्हटले, म्हणजे रोज दुरुस्त होणारे मानक. त्यामुळे काही वर्षे एकाच भाषेचे दोन अधिकृत ग्रंथ होते, त्यांत बारीकसारीक फरक होते आणि ब्राऊजर बनवणारे दुसऱ्याच ग्रंथाकडे पाहून काम करत होते. २८ मे २०१९ रोजी दोन्ही संस्थांत करार झाला. एचटीएमएलचे मानक आता एकच, व्हॉटडब्ल्यूजीचे.

मोबाइलमुळे काय बदलले?

मोबाइलसाठी सुरुवातीला वेगळीच भाषा होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेल्या ‘वॅप’ फोनांवर ‘डब्ल्यूएमएल’ चालायची. त्यातल्या पानाला पत्ता आणि फाइलला पत्त्यांचा कॅट म्हणत. ती एक्सएमएलवर बेतलेली, म्हणून कडक होती आणि तिचीही गत तीच झाली. २००७ मध्ये आयफोन पूर्ण वेब दाखवायला लागला तेव्हा अडचण होती ती रुंदीची. फोन पानाची रुंदी ९८० पिक्सेल धरून ते छोटे करून दाखवायचा. पान फोनच्या रुंदीत बसवा, असे सांगणारी ‘व्ह्यूपोर्ट’ची एक ओळ ॲपलने आणली. ती कोणत्याही समितीने मंजूर केली नव्हती. आज मोबाइलसाठी बनवलेल्या जवळपास प्रत्येक पानाच्या सुरुवातीला ती असते.

वृत्तपत्रांना मात्र वेगळा अनुभव आला. गूगलने २०१५ मध्ये ‘एएमपी’ आणले. ही एचटीएमएलचीच काटछाट केलेली आवृत्ती होती. ठरावीक टॅग, ठरावीक स्क्रिप्ट आणि पान गूगलच्या सर्व्हरवरून वाढले जाणार. विजेच्या चिन्हासह येणारी ती पाने झटक्यात उघडत, हे खरे. पण मोबाइलवरील शोधात सर्वांत वर दिसणाऱ्या ठळक बातम्यांच्या पट्टीत जागा हवी तर एएमपी लागे, ही अट बोचणारी होती. जगभरच्या वृत्तसंस्थांनी प्रत्येक बातमी दोनदा बनवायला सुरुवात केली. २०२१ मध्ये गूगलने ही अट काढली. टॅगची यादी कोणी एकाने ठरवली तर काय होते, याचा हा सहा वर्षांचा प्रयोगच म्हणायचा.

मराठीचा यात संबंध काय?

देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच जागा होती. एचटीएमएलने जगातल्या सर्व लिप्यांचा हा संच १९९७ मध्ये आपला पाया मानला. म्हणजे मराठी पान योग्य प्रकारे लिहिण्याचा नियम तेव्हापासून आहे. पण संगणक, कळफलक आणि फाँट तयार नव्हते. त्यामुळे पुढची अनेक वर्षे मराठी संकेतस्थळे आपापल्या फाँटांवर चालली. पानात प्रत्यक्षात रोमन अक्षरे असत आणि फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार रेखाटत असे. डोळ्यांना मराठी, यंत्राला निरर्थक अक्षरे. शोधयंत्रात ती बातमी सापडत नसे, अंध वाचकाचे सॉफ्टवेअर ती वाचू शकत नसे. फाँट आपोआप उतरवण्याची सोय मायक्रोसॉफ्टची वेगळी आणि नेटस्केपची वेगळी. जुन्या अंकांचा तो मजकूर युनिकोडमध्ये आणायला स्वतंत्र रूपांतरण करावे लागते, आणि ते झाले नसेल तर तो मजकूर असून नसल्यासारखा आहे.

युनिकोड आल्यावरही एक छोटी गोष्ट राहून जाते. एचटीएमएलमध्ये पानाची भाषा सांगण्याची सोय आहे. मराठीसाठी ‘एमआर’, हिंदीसाठी ‘एचआय’. युनिकोडमध्ये मराठी आणि हिंदी ‘ल’ व ‘श’ यांना एकच क्रमांक आहे, पण छापील वळण वेगळे आहे. पानाची भाषा मराठी आहे हे नोंदवले आणि फाँटमध्ये सोय असली, तर ब्राऊजर मराठी वळणाची अक्षरे दाखवतो. पान मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअरही याच खुणेवरून मराठी आवाज निवडते. परदेशी बनावटीचे तयार टेम्प्लेट उचलले की तिथे इंग्रजीची ‘ईएन’ ही खूण तशीच राहते. ब्राऊजर पान दाखवतो, तक्रार करत नाही, म्हणून ती चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्या उदारपणाने वेब तगली, त्याची किंमत इथे श्राव्य वाचकाला मोजावी लागते. दुरुस्तीला दोन अक्षरे पुरतात.

आज लेखणी कोणाच्या हाती?

एचटीएमएलच्या मानकात बदल सुचवायला कोणीही जाऊ शकते. शुल्क नाही, सदस्यत्वाची अट नाही. मसुदा, हरकती, चर्चा सारे खुले असते. मात्र नवा टॅग किंवा सोय मान्य व्हायची तर किमान दोन ब्राऊजर-इंजिनांनी ती बनवण्याची तयारी दाखवावी लागते. व्हॉटडब्ल्यूजीच्या सुकाणू गटात चार कंपन्या आहेत. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला.

अडचण अशी की कंपन्या चार असल्या तरी इंजिने तीनच उरली आहेत. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचे इंजिन सोडून गूगलच्या ‘क्रोमियम’चा आधार घेतला. मायक्रोसॉफ्टनेही डिसेंबर २०१८ मध्ये तेच जाहीर केले आणि जानेवारी २०२०पासून त्यांचा ‘एज’ क्रोमियमवर चालतो. इंटरनेट एक्स्प्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. उरले गूगलचे इंजिन, ॲपलचे ‘वेबकिट’ आणि मोझिलाचे ‘गेको’. भारतातल्या आयफोनवर क्रोम वापरणाऱ्यालाही आतून वेबकिटच मिळते, कारण ॲपलचा तसा नियम आहे. युरोपीय संघात कायद्यामुळे २०२४ मध्ये त्याला अपवाद करावा लागला.

तिन्हींत गेको सर्वांत अशक्त आहे. फायरफॉक्समध्ये गूगलचा शोध आधीपासून बसवून देण्याच्या बदल्यात गूगल मोझिलाला जे पैसे देते, तोच मोझिलाच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा भाग आहे. सफारीसाठी ॲपललाही असेच पैसे मिळतात. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने शोधाच्या बाजारात गूगलची बेकायदा मक्तेदारी असल्याचा निकाल दिला, तेव्हा सरकारी पक्षाने क्रोम विकायला लावावे आणि हे पैसेही थांबवावेत, अशी मागणी केली होती. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात न्यायालयाने फक्त गूगललाच स्थान देणारे करार करण्यास मनाई केली, पण क्रोमची विक्री आणि पैसे देण्यावर पूर्ण बंदी या दोन्ही मागण्या फेटाळल्या. पैसे थांबले तर मोझिला तगणार नाही, हा मुद्दाही त्या सुनावणीत मांडला गेला होता.